साबणाचा दाखला

म्युनिक, ६ मार्च १९५५

प्रिय हाइडे,

आधी बातमी सांगतो, राग नंतर. माझ्या ‘ठरलेली माघार’वर सिनेमा निघतोय. जे पुस्तक एल्मस्बाखचा पुस्तकवाला तीन वर्षं टेबलाखाली ठेवून विकतोय, ते आता पडद्यावर येणार आणि अख्खा देश ते बघणार. एवाल्डचं दुकान, त्याची खुर्ची, त्याची बडबड, सगळं. उन्हाळ्यात चित्रीकरण आहे.

आता राग. सिनेमा विनोदी आहे.

निर्माता नाख्टवाय म्हणून आहे, गुबगुबीत आणि फार सभ्य. काल त्यानं माझ्यापुढे चेरीचा केक सरकवला आणि म्हणाला, “हेर केस्टनर, तुमच्या पुस्तकाचा पूर्वार्ध म्हणजे सोनं आहे. तो गप्पिष्ट न्हावी, दाढीला येणारं गाव, तो टकलू औषधवाला. लोक खुर्चीतून खाली पडतील. शेवट तेवढा...”

“शेवटाला काय झालं?”

“शेवटी तो मरतो,” तो म्हणाला. जणू ही माझी हलगर्जी होती आणि प्रूफं तपासताना मी ती दुरुस्त करायला हवी होती.

मी केक तसाच ठेवला. म्हटलं, हेर नाख्टवाय, तो मरतो कारण तो मेला. तो माझ्या बहिणीचा नवरा होता. एका टकलू गिऱ्हाइकाला तो म्हणाला, “टक्कल कसलं, हेर डॉक्टर, आपले केस ठरल्याप्रमाणे मागच्या मोर्च्यावर हटलेत.” ते चव्वेचाळीस साल होतं. आपलं सैन्य रशियात रोज मार खात होतं आणि रेडिओ रोज हेच शब्द बोलत होता. गिऱ्हाईक हसलं, तोंड पुसून उठलं आणि सरळ जाऊन तक्रार लिहून आलं. सात महिन्यांनी न्हाव्याचं डोकं उडवलं. एवढंच माझं पुस्तक आहे. बाकी सगळा साबणाचा फेस.

नाख्टवायनं मान डोलावली आणि म्हणाला, “भयंकर. पण पूर्वार्ध खरंच फार गोड आहे हो.”

घाबरू नकोस. करारात मी एक कलम घालून घेतलंय: शेवट बदलायचा तर माझी लेखी संमती हवी. ती मी मेलो तरी देणार नाही. औषधवाला चुगली करेल आणि न्हावी मरेल. मला तुझ्याकडून फक्त दोन ओळी हव्यात, एवाल्डची बायको म्हणून, की तुझीही हीच इच्छा आहे. त्या मी त्यांच्या टेबलावर आपटीन.

इर्माला पापा.

तुझा
लुडॉल्फ

---

एल्मस्बाख, १४ मार्च १९५५

प्रिय लुडी,

पत्र मिळालं. त्याआधीच बातमी मिळाली होती, कारण पोस्टमननं पाकिटावरचं सिनेमा कंपनीचं नाव वाचलं आणि माझ्याकडे यायच्या आधी बेकरीत गेला. शनिवारी केस करायला आलेली फ्राउ ब्रोमे ड्रायरखालून ओरडून विचारत होती, “हाइडे, तुझ्या भावाच्या सिनेमात मी आहे का गं?” म्हटलं, आहेस, पण पाठमोरी.

दुकान बरं चाललंय. एवाल्डची खुर्ची मी मागच्या खोलीत नेली, बायकांना ती फार उंच पडते. इर्माला लॅटिनमध्ये चांगले गुण आहेत. पंधराव्या वर्षी मुलगी आईपेक्षा उंच झाली, हे तुला पटणार नाही.

तुझ्या दोन ओळींबद्दल. लुडी, त्यांना हसू दे की. एवाल्ड स्वतः काय करायचा? सकाळी सातला दार उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकापासून सुरू. तो सिनेमा बघायला असता तर शेवट गोड करा म्हणून त्यानंच आग्रह धरला असता. आणि त्या माणसाला औषधवालाच का ठेवायचं? पोस्टमास्तर कर. पोस्टमास्तर कुणालाच आवडत नाही. गाव लहान आहे. तू म्युनिकला राहतोस, मी इथे चौकात राहते.

तेव्हा दोन ओळी पाठवत नाही, राग मानू नकोस. डुकराच्या मांसाचे दोन डबे मात्र पाठवतेय.

तुझी
हाइडे

---

म्युनिक, २ एप्रिल १९५५

प्रिय हाइडे,

डबे पोचले. पत्र मात्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही.

मी तुला दोष देत नाही. शेजाऱ्यांची भीती हा आपल्या देशातला सर्वांत जुना धर्म आहे. चर्चमध्ये न जाणारेसुद्धा तो पाळतात. पण हसण्याबद्दल तू जे लिहिलंस ते मला मान्य नाही. एवाल्ड हसला तो वर बघून. हे लोक हसणार आहेत ते त्याच्याकडे खाली बघून. वरच्याला हसणाऱ्याचं डोकं जातं. खालच्याला हसणाऱ्याला फार तर आइसक्रीम मिळतं, मध्यंतरात. दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो ही शरमेची गोष्ट आहे.

मंगळवारी बैठक झाली. वितरकाचा माणूस आला होता, कूलवाइन, सिगारेट न विझवता दुसरी पेटवणारा. त्यानं नवीन शेवट वाचून दाखवला. तुरुंगातला कारकून न्हाव्याची फाइल चुकीच्या कपाटात ठेवतो, म्हणून न्हावी वाचतो. अमेरिकन रणगाडे येतात त्या दिवशी तो घरी येतो. पहिलं गिऱ्हाईक कोण? तोच औषधवाला. न्हावी त्याच्या गळ्याला वस्तरा लावतो आणि...

“आणि?” मी विचारलं.

“आणि डोळा मारतो,” कूलवाइन म्हणाला. “सगळे हसतात. बँड वाजतो.”

मी म्हटलं, हे खोटं आहे.

“हेर केस्टनर, बुधवारी संध्याकाळी बाई नवऱ्याला घेऊन थिएटरात येते. ती बिचारी दहा वर्षं रडलीय. तिला काय दाखवू, टोपलीत पडलेलं डोकं?”

“ती का रडली, ते दाखवा.”

“ते तिला ठाऊक आहे.”

“तिच्या शेजारणीला ठाऊक नाही. निदान ती तसं म्हणते.”

मग मी उभा राहिलो आणि बोललो. वीस मिनिटं तरी बोललो असेन. टायपिस्ट मुलगी हात थांबवून ऐकत होती. ज्या देशात एका विनोदाला शिरच्छेदाची शिक्षा होती, त्या देशात पुढची शंभर वर्षं विनोदी सिनेमा काढणाऱ्यानं आधी त्या न्हाव्याची परवानगी घ्यावी, असं मी म्हणालो. नाख्टवायचे डोळे पाणावले. कूलवाइननं घड्याळ बघितलं.

तिथेच एक वार्ताहर बसला होता. बाहेर पडताना त्यानं विचारलं, हा औषधवाला खरा आहे का? मी म्हटलं, खरा आहे, जिवंत आहे, आणि एल्मस्बाखच्या चौकात आजही खोकल्याच्या गोळ्या विकतो. कालच्या पेपरात ते छापून आलंय. कात्रण सोबत आहे. आता बघू, कोण कुणाला पोस्टमास्तर करतो ते.

लुडॉल्फ

---

एल्मस्बाख, ७ एप्रिल १९५५

लुडी,

हे तू काय करून बसलास?

कात्रण तुझ्या पत्राच्या आधी इथे पोचलं होतं. कुणीतरी ते औषधालयाच्या दारात लावलं, कुणीतरी काढलं. ईस्टरच्या आदल्या बुधवारी औषधवाल्याची बायको, फ्राउ झायबोल्ड, गेली आठ वर्षं माझ्याकडे केस कुरळे करून घेते. काल आली नाही. अकरा वाजता खुर्ची रिकामी होती आणि बाकीच्या बायका त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत असल्यासारख्या हळू आवाजात बोलत होत्या.

मागे घे. पेपरला लिही की तुझा गैरसमज झाला, की ते पात्र काल्पनिक आहे, काहीही लिही. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, लुडी. हे मागते. कारण विचारू नकोस.

हाइडे

---

म्युनिक, ३ मे १९५५

आडेलहाइड,

तू कारण विचारू नकोस म्हणालीस. आता विचारायची गरज उरली नाही.

झायबोल्डच्या वकिलानं कंपनीला पत्र पाठवलं आहे. कंपनीनं ते माझ्यापुढे ठेवलं. सोबत एका कागदाची फोटोप्रत आहे. तो असा:

“मी, आडेलहाइड रोथगांग, शपथेवर सांगते की हेर डॉक्टर फोल्कमार झायबोल्ड यांना मी वीस वर्षं ओळखते. ते पक्षाचे सभासद केवळ नाइलाजानं झाले होते. माझ्या पतीच्या अटकेशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. उलट त्या काळात त्यांनी आम्हाला शक्य ती सर्व मदत केली. एल्मस्बाख, १७ फेब्रुवारी १९४७.”

वकील लिहितो: मृताच्या पत्नीचं शपथपत्र असताना लेखक कोणत्या आधारावर आरोप करतो? आणि पुढे लिहितो: ही बाई आता वेगळं बोलू लागली, तर खोट्या शपथेचा खटला तिच्यावर होईल.

खोलीत पाच जण होते. कूलवाइननं पहिल्यांदा सिगारेट विझवली. म्हणाला, “केस्टनर, ही तुमची बहीण ना?”

मी म्हटलं, सही खोटी असेल.

‘रोथगांग’मधला शेवटचा ‘ग’ तू शाळेपासून जसा ओढतेस तसाच ओढलेला आहे.

खटल्याच्या दिवशी तू तिथे होतीस. झायबोल्डचं निवेदन तुझ्यासमोर वाचून दाखवलं होतं, हे तूच मला सांगितलंस आणि त्यावर मी एक पूर्ण प्रकरण लिहिलं. मग हा कागद काय आहे? त्यानं तुला धमकावलं का? तसं असेल तर एका ओळीत कळव, मी त्याला कोर्टात उभा करतो.

लुडॉल्फ

---

एल्मस्बाख, ९ मे १९५५

लुडी,

धमकावलं असतं तर बरं झालं असतं. एका ओळीत मावत नाही, म्हणून नीट बसून लिहिते.

सत्तेचाळीसचा तो हिवाळा तुला आठवत असेल, तू त्याच महिन्यात कैद्यांच्या छावणीतून सुटून आला होतास. इर्मा सात वर्षांची होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिची मान ताठली, ताप उतरेना, उजेड सहन होईना. डॉक्टर म्हणाले मेंदूज्वर आहे, पेनिसिलीन मिळालं तर वाचेल. पेनिसिलीन फक्त अमेरिकनांकडे. मी त्यांच्या छावणीच्या फाटकाशी दोन दिवस उभी राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी झायबोल्ड घरी आला, कोटाच्या आतून रुमालात गुंडाळलेल्या चार कुप्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांच्या लष्करी डॉक्टरशी त्याची ओळख होती. मी त्याला दाराबाहेर घालवायला हवं होतं ना? मी त्याचा हात धरला.

त्यानं काही मागितलं नाही. हे लक्षात ठेव, कारण तू हा प्रसंग लिहिशील तेव्हा त्याला आधी कागद पुढे करायला लावशील. तसं झालं नाही. तसं झालं असतं तर मी त्याचा सुखानं द्वेष केला असता.

इर्मा उठून सूप प्यायला लागली आणि मग आठवड्यानं तो कागद घेऊन आला. टाइप केलेला. अमेरिकनांनी बसवलेल्या तपासणी मंडळापुढे त्याची सुनावणी होती, तोवर औषधालयाला कुलूप. म्हणाला, “फ्राउ रोथगांग, तुमची सही असली तर मला दुसऱ्या कुणाची लागणार नाही.” मी कागद वाचला. त्याच्या मागे दारातून इर्माचा पलंग दिसत होता. सही केली.

तू तेव्हाचा गाव पाहिलास. प्रत्येक घरात टेबलावर बटाट्याची सालं आणि शाईची दौत. पाद्री मास्तरासाठी लिहीत होता, मास्तर बेकरवाल्यासाठी, बेकरवाला पाद्र्यासाठी. फलाणा मनातून कधीच नाझी नव्हता, फलाण्यानं एका ज्यूला नमस्कार केला होता. साबणाचा दाखला म्हणायचो आपण त्याला. मळलेला माणूस आत टाकायचा, पांढरा बाहेर काढायचा. त्या हिवाळ्यात आंघोळीला साबण नव्हता, पण दाखल्यांना तोटा नव्हता.

मी त्या महिन्यात दोन दाखले लिहिले. दुसरा तुझा.

तू पक्षात सदतीस साली गेलास, शाळेतली बढती अडली होती म्हणून. त्या दाखल्याशिवाय तुला पुन्हा वर्गात उभं राहता येत नव्हतं. तू माझ्या स्वयंपाकघरात बसून मजकूर सांगितलास आणि मी लिहिला: “माझ्या भावानं माझ्या पतीच्या अटकेचा उघड निषेध केला आणि त्यामुळे वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला.” खरं काय होतं ते आपल्या दोघांना माहीत आहे. तुझं एक कार्ड आलं होतं, “सध्या मी न आलेलंच बरं.” खटल्याला मी एकटी गेले.

मी त्याबद्दल कधी बोलले नाही आणि आजही भांडायला बोलत नाही. तू भित्रा होतास, मी भित्री होते, भावंडं आहोत. फक्त एवढंच की तुझं पुस्तक आलं, पेपरांनी लिहिलं की निर्भीड लेखक, तेव्हा मी ते पुस्तक चादरींच्या कपाटात ठेवलं.

आता ऐक. मी दाखला मागे घेण्याचा विचार करतेय. खटला झाला तर होऊ दे, पण इर्माच्या शाळेचं काय, दुकानाचं काय, ते मला नीट बघायचं आहे. मला मे महिना संपेपर्यंत वेळ दे. तोवर त्या लोकांच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. मी कळवल्याशिवाय अजिबात नाही.

हाइडे

---

म्युनिक, २० जून १९५५

प्रिय हाइडे,

इतके दिवस लिहिलं नाही, क्षमा कर. इथे फार धावपळ चालली आहे.

तुला काळजीतून मोकळं करतो. प्रकरण मिटलं. झायबोल्डचा वकील पुढे काही करणार नाही, तुझा कागद कुठेही छापला जाणार नाही, आणि पेपरात माझा चार ओळींचा खुलासा आला आहे. बदल्यात मी नव्या शेवटाला संमती दिली. २४ मे रोजी सही केली. मला ते किती जड गेलं ते सांगत नाही. तुझ्यावर खटला भरलेला मला बघवला नसता.

आणि खरं सांगू? मी चित्रीकरण पाहिलं, ते अगदीच वाईट नाही. त्यांनी एवाल्डचं दुकान हुबेहूब उभं केलंय. न्हाव्याचं काम करणारा व्हेंडरिश हा मोठा नट आहे. तो ती टकलाची ओळ बोलला तेव्हा दिवे धरणारे कामगार हसले आणि प्रसंग पुन्हा घ्यावा लागला. मी विचार केला, ही ओळ बोलण्यासाठी एक माणूस मेला आणि आज पन्नास माणसं ती ऐकून मोकळी हसताहेत, यातही काही जिंकणं आहेच. पूर्वार्ध तर माझाच आहे, शब्दन्शब्द. ज्याला कळायचं त्याला कळेल. कधी कधी सत्याला हसऱ्या माणसाचा कोट घालून सीमा ओलांडावी लागते.

ऑक्टोबरच्या शेवटी एल्मस्बाखला खास खेळ ठेवणार आहेत, नगराध्यक्ष आणि बँडसकट. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत जागा आहे.

तुझा
लुडी

---

एल्मस्बाख, २५ जून १९५५

लुडी,

मी मे संपेपर्यंत वेळ मागितला होता. तू चोवीस तारखेला सही केलीस. सात दिवस होते.

त्याचा तुझ्या पत्रात उल्लेख नाही. दुसऱ्या दाखल्याचाही नाही. मी दोनदा शोधलं, पाकीटसुद्धा उलटं करून बघितलं.

तू माझ्यासाठी केलंस असं मला लिहू नकोस. मी झायबोल्डचा दाखला मागे घेतला असता तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, आणखी किती लिहिलेत? ते तुला त्या खोलीत, पाच जणांसमोर, सुचलं असणार. मला तर इथे केस धुता धुता सुचलं.

कोट आणि सीमा वगैरे तू छान लिहितोस. व्हेंडरिशला माझा नमस्कार सांग.

मी खेळाला जाईन. सगळा गाव जाणार आणि मी घरी बसले, तर त्याचाही काहीतरी अर्थ काढतील.

हाइडे

---

म्युनिक, २० ऑक्टोबर १९५५

प्रिय हाइडे,

एल्मस्बाखच्या खेळाला मी येऊ शकत नाही. त्याच दिवशी इथे एका सभेत ‘साहित्य आणि सदसद्विवेक’ या विषयावर बोलायचं आहे, आमंत्रण फार आधी स्वीकारलं होतं. जूनमधल्या पत्राला उत्तर द्यायला मी अनेकदा बसलो. जमलं नाही. सिनेमा बघितल्यावर तुला काय वाटलं ते मात्र कळव. इतर कुणाच्या मतापेक्षा मला ते हवं आहे.

लुडी

---

एल्मस्बाख, २ नोव्हेंबर १९५५

लुडी,

काय वाटलं ते कळव म्हणालास, म्हणून कळवते.

सिनेमाचं नाव त्यांनी ‘बिनपाण्याची हजामत’ ठेवलंय, हे तुला माहीत असेलच. शुक्रवारी बँड वाजला, नगराध्यक्ष बोलला. मी पहिल्या रांगेत, इर्मा माझ्या डावीकडे. फ्राउ ब्रोमे मागे बसली आणि आपण पाठमोऱ्या कुठे दिसतो ते अंधारात शोधत राहिली. झायबोल्ड बायकोसह तिसऱ्या रांगेत. दोघंही नवीन कपड्यात.

हसू आलं, लुडी. मलाही आलं. तुझा पूर्वार्ध चांगला आहे. व्हेंडरिश वस्तरा पट्ट्यावर घासता घासता गाणं म्हणतो तेव्हा मी इर्माचा हात दाबला, कारण ते तसंच होतं. टकलाची ओळ आली तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, “हेर डॉक्टर, जपून हं,” आणि सगळं थिएटर वळून झायबोल्डकडे बघून हसलं. प्रेमानं हसलं. त्यानं उठून वाकून नमस्कार केला. गावाचा तो लाडका झाला त्या क्षणी.

मग अटक, मग चुकीचं कपाट, मग रणगाडे. आणि तो घरी आला. चौकातून चालत, पाठीवर पिशवी, दुकानाच्या दाराशी थांबला आणि बाही वर केली. मला माहीत होतं की तो येणार, तूच लिहिलं होतंस. तरी मी खुर्चीतून अर्धी उठले. इर्मानं मला खाली ओढलं. मला रडू आवरेना, तर मागून फ्राउ ब्रोमे खांद्यावर थोपटत म्हणाली, “अगं वेडे, आता कशाला रडतेस, आला की तो.”

वस्तरा, गळा, डोळा मारणं, बँड. टाळ्या.

बाहेर पडताना झायबोल्ड माझ्याजवळ आला. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, “शेवटी सगळं चांगलंच झालं, नाही का, फ्राउ रोथगांग?” मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. मला वाटलं तो टोमणा मारतोय. तसं नव्हतं. त्याचे डोळे ओले होते. त्याला ते खरं वाटत होतं. त्याच्या डोक्यात एवाल्ड परत आला होता, दाढी करून दिली होती, माफ केलं होतं, आणि मग कुठेतरी दुसऱ्या गावी राहायला गेला होता. आणि लुडी, तो एकटा नव्हता. थिएटरातून बाहेर पडणारं अख्खं गाव हलकं झालं होतं. मुलांना आइसक्रीम मिळत होतं.

आम्ही घरी आलो. इर्मा खूप वेळ बूट न काढता बसली होती. मग तिनं विचारलं, “आई, बाबांना ज्यानं पकडून दिलं त्याला खरंच कुणी काही केलं नाही?” मी म्हटलं, मी केलं. त्याला दाखला दिला. मग सगळं सांगितलं, कुप्यांपासून. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळी म्हणाली, “मी बरी झाले म्हणून तू गप्प बसलीस, असं मला जन्मभर नको.” तिनं ते रागानं म्हटलं नाही. लॅटिनचं वाक्य तपासून बघतात तसं म्हटलं.

मी दुकान बंद ठेवलं आणि न्यायालयात गेले. खिडकीमागे एक तरुण कारकून होता, सर्दी झालेला. मी म्हटलं, मला सत्तेचाळीसचं एक शपथपत्र मागे घ्यायचं आहे, ते खोटं होतं. त्यानं नाव विचारलं, आत गेला, अर्ध्या तासानं धुळीत हात माखून आला. म्हणाला, “बाई, ही फाइल केव्हाच बंद झालीय. मुदत उलटून गेली. तुमच्यावर आता खटला होणार नाही. आणि त्यांच्यावरही काही होणार नाही. मग कशाला त्रास घेताय?”

म्हणजे वकिलाची ती धमकी पोकळ होती, लुडी. मेमध्येही ती पोकळच असणार. आपण दोघांनी कुणाला साधं विचारलंही नाही.

मी म्हटलं, तरी घ्या लिहून. तो टाइप करू लागला. माझ्या पतीला पकडून देणारा माणूस हाच होता, खटल्यात याचं निवेदन माझ्यासमोर वाचलं गेलं, त्यानं माझी मुलगी वाचवली हेही खरं आहे. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. तो म्हणाला, “या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर?” म्हटलं, एकाच.

सही केली. त्यानं शिक्का मारला आणि फाइल मिटायला लागला, तेव्हा मी म्हटलं, अजून एक आहे.

“त्याच महिन्यातला?”

“त्याच टेबलावरचा.”

“कुणाचा?”

मी तुझं नाव सांगितलं. त्यानं टाइप करता करता मान वर केली. तो तुझा वाचक निघाला. “ते निर्भीड लेखक?” म्हणाला. म्हटलं, हो, माझा धाकटा भाऊ. मजकूर छोटा आहे: माझ्या भावानं उघड निषेध केला असं मी लिहिलं होतं, तसं घडलं नव्हतं. त्यानं एक कार्ड पाठवलं होतं. तू पुढे पुस्तक लिहिलंस हेही मी घालणार होते, पण कारकून म्हणाला ते या मुद्द्याशी संबंधित नाही.

प्रत सोबत जोडली आहे. कुठे पाठवणार नाही, कुणाला दाखवणार नाही. ज्याला बघायची त्याला न्यायालयात जाऊन बघता येईल. सध्या तिथे कुणी जात नाही.

आज दुपारी फ्राउ झायबोल्डनं रस्ता ओलांडला, मी दिसले म्हणून. गावात शब्द फिरलाय. ब्रोमे म्हणते, आता तुझ्याकडे निम्म्याच बायका येतील. येऊ देत. निम्म्यांचे केस तरी मला नीट करता येतील.

नाताळला ये. पलंग आहे, जेवणाला हंस सांगून ठेवलाय. इर्मा तुला विचारणार आहे की खटल्याच्या दिवशी तू कुठे होतास. काय सांगायचं ते येताना गाडीत बसून तुझं तू लिही. या वेळी मी त्याखाली सही करणार नाही.

तुझी
हाइडे